पाण्याचा पंक्तिप्रपंच

आपल्या बेटावर असे मराठी घर विरळाच, की ज्यातले कोणीच परदेशी गेलेले नाही. कोणाचा मुलगा फ्रान्समध्ये, कोणाची बहीण इंग्लंडमध्ये, कोणाचा पुतण्या ऑस्ट्रेलियात. आमची धाकटी मावशी १९७० नंतरच्या वर्षांत, म्हणजे इकडच्या पुष्कळ मुली नर्सिंग शिकण्यासाठी विलायतेला जात त्या काळात, तिकडे गेली आणि तिकडचीच झाली. आता ती निवृत्त होऊन उत्तर इंग्लंडमधील एका लहान गावी मुलाजवळ राहते. शाळेच्या गेल्या मोठ्या सुट्टीत तिच्याकडे महिनाभर राहण्याचा योग आम्हाला आला. त्या मुक्कामात पाहिलेली एक गोष्ट वाचकांना सांगावीशी वाटते. गोष्ट आहे जमिनीखालून वाहणाऱ्या गरम पाण्याची, आणि ते पाणी अडवणाऱ्या व सोडणाऱ्या बोटभर झडपांची.

आपल्याकडे क्युरपिपला जुलै-ऑगस्टात अंगावर दोन कांबळी ओढली की थंडी संपते. तेव्हा हा विषय आपल्याला कशाला, असे कोणी म्हणेल. परंतु आपली माणसे ज्या देशांत जाऊन राहिली आहेत तेथे घर तापवणे ही चैन नसून अन्नपाण्याइतकीच गरज आहे, आणि म्हाताऱ्या माणसांना तर अधिकच. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली घर आणि आरोग्य ह्यांविषयी जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांत थंड हवामानाच्या देशांत हिवाळ्यात घरातले तापमान निदान १८ अंश सेल्सिअस असावे, आणि वृद्ध, मुले व आजारी ह्यांच्यासाठी त्याहून अधिक लागू शकते, असे सांगितले आहे. मावशीच्या खोलीत आम्ही गेलो त्या रात्री १५ अंश होते.

हे १५ अंश आम्ही अंदाजाने सांगत नाही. मावशीने जन्मभर रोग्यांच्या खाटांना तापाचे तक्ते अडकवले. निवृत्त झाल्यावर दुसरा रोगी सापडला नाही म्हणून की काय, तिने स्वतःच्या खोलीचाच तक्ता सुरू केला होता. सकाळी सात, दुपारी दोन, रात्री दहा. तांबड्या शाईने तिच्या खोलीचे तापमान, निळ्या शाईने स्वयंपाकघराचे. निळी रेघ २२-२३ वर ऐटीत चालली होती आणि तांबडी खाली १५-१६ मध्ये रेंगाळत होती.

आम्ही म्हटले, “मावशी, इतक्या थंडीत तू राहतेस कशी?”

“अरे, थंडीचं मला काही नाही. पन्नास हिवाळे काढले मी इथे. राग येतो तो ह्याचा, की सगळ्या घराची जमीन खणून, पैसे मोजून ही ऊब घातली, आणि माझ्या पायाखालीच ती नाही.”

मावसभावाने तीन वर्षांपूर्वी घराला मागच्या बाजूने एक खोली वाढवली. आईला जिना चढावा लागू नये, एवढाच हेतू. त्याच वेळी तळमजल्याची सगळी जमीन नवी करून तीत गरम पाण्याच्या नळ्या घालून घेतल्या. पहिला हिवाळा गेला, दुसरा गेला, मावशीची खोली काही तापेना. ज्यांनी काम केले होते त्यांना दोनदा बोलावले. पहिल्या वेळी त्यांच्या माणसाने कसलीशी चकती फिरवून पाण्याचे तापमान वाढवले. परिणाम असा, की दिवाणखान्याच्या लाकडी तक्तपोशीत भेगा पडल्या, न्हाणीघरात अनवाणी उभे राहवेना, आणि मावशीची खोली एका अंशाने वर सरकली. दुसऱ्या वेळी त्यांनी सांगितले, की बॉयलर कमी पडतो आहे, मोठा घ्यावा लागेल. आम्ही पोहोचलो तेव्हा मोठ्या बॉयलरचे दरपत्रक जेवणाच्या टेबलावर होते. रकमेचा आकडा येथे देत नाही. शिक्षकाच्या काही महिन्यांच्या पगाराएवढा होता असे समजावे. मावसभाऊ सही करण्याच्या बेतात होता, आणि तोवर मावशीची खाट दिवाणखान्यात आणावी असे वहिनींचे म्हणणे होते. मावशी मात्र खोली सोडायला तयार नव्हती. जिच्यासाठी खोली बांधली तिनेच ती सोडायची, हे तिला पटेना, आणि खरे सांगायचे तर आम्हालाही पटले नाही.

आता ही जमिनीखालची योजना असते तरी कशी, ते आधी पाहू.

सर्वांत खाली फोमचे जाड तक्ते, म्हणजे ऊब मातीत उतरत नाही. त्यांवर प्लॅस्टिकची नळी वेटोळी घालून पसरलेली. मावशीच्या घरी ही नळी बाहेरून १६ आणि आतून १२ मिलिमीटरची आहे, आणि एका वेढ्यापासून दुसरा वेढा २० सेंटिमीटरवर. नळ्यांवर सिमेंटचा कोबा, आणि कोब्यावर फरशी किंवा लाकूड. प्रत्येक खोलीला तिचा स्वतंत्र वेढा. मोठ्या खोलीला दोन. एक वेढा साधारणपणे शंभर मीटरांहून लांब करीत नाहीत, कारण नळी जितकी लांब तितके पाणी ढकलणे जड. मधे कुठेही सांधा नसतो. नळी निघते तेथून अखंड जाऊन परत तेथेच येते. ही निघण्याची आणि परतण्याची जागा म्हणजे जिन्याखालचे एक कपाट.

त्या कपाटात सगळी मेख आहे. उघडून पाहिले तर दोन आडव्या पितळी नळ्या, एकीखाली एक. ह्या जोडीला तिकडे मॅनिफोल्ड म्हणतात. आपण वाटणीची नळी म्हणू. वरच्या नळीतून गरम पाणी सहा वेढ्यांना वाटले जाते, खालच्या नळीत ते ऊब देऊन, थोडे निवून परत येते. वरच्या नळीवर प्रत्येक वेढ्याच्या तोंडाशी काचेसारखी एक छोटी पारदर्शक नळकांडी असते. तिच्यात एक तांबडी चकती पाण्याच्या जोराने सरकते आणि बाजूच्या आकड्यांवर दाखवते, की मिनिटाला किती लिटर पाणी ह्या वेढ्यात जात आहे. हा फ्लो मीटर. त्याच्या बुडाशी जी कडी आहे ती फिरवली की पाण्याची वाट रुंद किंवा अरुंद होते. म्हणजे हा मोजतोही आणि आवरतोही.

खालच्या नळीवर प्रत्येक वेढ्याला एकेक पांढरी प्लॅस्टिकची टोपी असते, तिला तिकडचे कारागीर ॲक्च्युएटर म्हणतात. आम्हाला सर्वांत मौज वाटली ती हिची. हिच्या पोटात ना मोटार, ना चाके. आहे ती मेणाची एक डबी. खोलीच्या भिंतीवरील थर्मोस्टॅटने ‘थंडी आहे’ असे कळवले, की त्या डबीला वेढलेली बारीक तार विजेने तापते, मेण वितळून फुगते, आणि फुगलेले मेण झडपेवरचा दाब उचलते. झडपेची पिन, ती आतल्या स्प्रिंगने वर येते आणि पाण्याची वाट मोकळी होते. तीन ते पाच मिनिटे लागतात ह्याला. वीज लागते एखाद-दोन वॉट. थंडी भागली, वीज बंद, मेण आकसते, पिन दाबली जाते, वाट बंद. पिनेचा सगळा प्रवास चारएक मिलिमीटरांचा. आपल्या मोटारगाडीच्या इंजिनात जो थर्मोस्टॅट असतो तोही अशाच मेणाच्या डबीवर चालतो; फक्त तेथे वीज नसते, इंजिनाचे तापलेले पाणीच मेण वितळवते. वर्गात पदार्थांचे प्रसरण शिकवताना आम्ही वर्षानुवर्षे गोळा आणि कडीचाच प्रयोग दाखवत आलो आहोत. ह्यापुढे ही टोपी दाखवू, कोणी आणून दिली तर.

कपाटाच्या डाव्या अंगाला पंप आणि त्याच्याजवळ मिश्रणाची झडप. बॉयलरमधून पाणी ६०-७० अंशांचे येते. ते तसेच जमिनीत सोडले तर पाय पोळतील आणि कोबा तडकेल. म्हणून ह्या झडपेत परत आलेले कोमट पाणी त्यात मिसळून ते ३५ ते ४५ अंशांवर आणतात. आंघोळीच्या कढत पाण्यात आपल्या आज्या विसण घालीत, तेच हे विसण. फक्त घालणारा हात यंत्राचा. युरोपातील मानकाप्रमाणे राहत्या खोलीत जमिनीचा पृष्ठभाग २९ अंशांच्या वर जाऊ नये. न्हाणीघरात ३३ चालतात. लाकडी जमीन असेल तर २७ च्या पुढे जाऊ नका असे सांगतात. मावसभावाकडे पहिल्या फेरीत आलेल्या माणसाने जी चकती फिरवली ती हीच, आणि तक्तपोशीला भेगा पडल्या त्या त्यामुळेच.

इतके सगळे आम्हाला एका दिवसात समजले असे नाही. शेजारी एक गृहस्थ राहतात, हयातभर घरे तापवण्याचे काम केलेले, आता मावशीसारखेच निवृत्त. मावशी त्यांना अधूनमधून डाळपुरी पाठवते. तिनेच त्यांना चहाला बोलावले आणि चहाच्या आधी तक्ता त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी चष्मा लावून तो दोन मिनिटे पाहिला आणि एकच प्रश्न विचारला: भल्या पहाटे, म्हणजे सगळे घर थंड असताना, परत येणाऱ्या नळ्यांना कोणी हात लावून पाहिला आहे का? कोणी पाहिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी पहाटे सहाला आम्ही सर्व त्या कपाटापुढे. बाहेर उणे तीन. त्यांनी आम्हाला परतीच्या नळ्यांना क्रमाने हात लावायला सांगितले. ओसरीची परतीची नळी जवळजवळ जाणाऱ्या नळीइतकीच गरम. न्हाणीघराची तशीच. स्वयंपाकघराची बरी कोमट. मावशीच्या खोलीची थंडगार. मग फ्लो मीटर पाहिले. ओसरीत मिनिटाला दोन लिटर, न्हाणीघरात दोनाला थोडे कमी, स्वयंपाकघरात दोन, आणि मावशीच्या वेढ्यात अर्धा.

येथे शिक्षकाला राहवत नाही. थोडा हिशेब करूच. मावशीची खोली १६ चौरस मीटरांची. कडाक्याच्या थंडीत चौरस मीटरला ६० वॉट ऊब लागते असे धरले तर ९६० वॉट, म्हणजे जवळजवळ एक किलोवॉट. एक किलो पाणी एक अंशाने निवले की सुमारे ४.१९ किलोज्यूल ऊब सोडते. वेढ्यातून फिरताना पाणी ७ अंशांनी निवावे असे योजले असेल, तर एक किलोवॉटसाठी मिनिटाला दोन लिटर पाणी लागते. मावशीला मिळत होते अर्धा लिटर. उलट ओसरी सहा चौरस मीटरांची, तिला पाऊण लिटर पुरे. तिच्याकडे जात होते दोन. पाऊण लिटराचे काम असलेल्या जागी दोन लिटर गेले तर ते पाणी आपली ऊब न उतरवताच घाईघाईने परत येणार. ओसरीची परतीची नळी गरम लागत होती ती ह्यामुळे. बॉयलर बिचारा कमी पडतच नव्हता. त्याने तापवलेले पाणी आपल्या खोल्यांत नीट न जाता ओसरीत फेरफटका मारून परत त्याच्याकडेच येत होते.

पाण्याचा स्वभाव आपल्या बेटावरील माणसाला नव्याने सांगायला नको. पाणी सुटण्याच्या वेळी गल्लीच्या तोंडाशी असलेल्यांचे रोबिने धो-धो वाहतात आणि टेकाडावरच्या शेवटल्या घरात बादलीच्या बुडाला थेंब वाजत राहतात, हे आपण पाहिलेले आहे. ओसरीचा वेढा ३० मीटरांचा, कपाटाच्या पायाशीच. मावशीचा वेढा जाण्यायेण्याच्या अंतरासह ९६ मीटर. पंपाची ताकद ठरलेली. मग पाणी जवळची आणि सोपी वाट धरते. लग्नाच्या पंगतीत वाढप्याने पहिल्या चार पानांवर लाडवांचे ढीग घालावे आणि शेवटल्या पानाशी येईतो परात रिकामी व्हावी, ह्याला आपल्या भाषेत पंक्तिप्रपंच असा नेमका शब्द आहे. इंग्रजीत ह्या दोषाला जे नाव आहे त्यात केवळ तोल गेल्याचा अर्थ येतो. आपल्या शब्दात अन्यायही येतो. म्हणून आम्हाला आपला शब्द अधिक आवडतो.

परंतु लांबीने एवढा मोठा फरक पडत नाही, असे शेजारच्या गृहस्थांचे म्हणणे पडले. ९६ मीटरांच्या वेढ्यात ३० मीटरांच्या वेढ्याच्या निम्मे पाणी जाईल, पाव नव्हे. मग आणखी काय? आधी त्यांनी मावशीच्या वेढ्यावरची पांढरी टोपी आटे उलगडून काढली आणि झडपेची पिन अंगठ्याने दाबून पाहिली. उन्हाळाभर बंद राहिलेली झडप कधीकधी चिकटून बसते. ही दाबली गेली आणि उसळून वर आली. म्हणजे झडप शाबूत. मग त्यांनी वेढ्यातली हवा सोडली. नळीत हवेचा बुडबुडा अडकला तर पाणी थांबते, पण येथे हवा नावालाच होती. शेवटी त्यांनी फ्लो मीटरची कडी हाताने चाचपली आणि हसले. ती निम्म्याहून अधिक बंद होती.

असे का झाले असावे, ते त्यांनी समजावले. नव्या नळ्यांत पहिल्यांदा पाणी भरताना एका वेळी एकच वेढा उघडा ठेवतात, बाकीचे बंद, म्हणजे पाणी त्यातली सगळी हवा ढकलून बाहेर काढते. मग तो बंद करून पुढचा. सहा वेढे असे भरून झाले की सर्व कड्या उघडायच्या, आणि मग एकेक हिशेबाप्रमाणे बसवायची. ह्या घरी पाच कड्या उघडल्या गेल्या, सहावी अर्धवट राहिली, आणि हिशेबाने बसवण्याचे काम तर झालेच नव्हते. शुक्रवारी दुपारी संपवलेले काम असावे, एवढेच ते म्हणाले. आम्ही त्यांना विचारले, की इतर खोल्या तापून त्यांच्या टोप्या मिटल्या म्हणजे उरलेले पाणी आपोआप मावशीकडे यायला हवे होते, ते का आले नाही? प्रश्न चांगला आहे असे म्हणून त्यांनी कपाटाच्या टोकाची एक लहानशी झडप दाखवली. सगळ्या वाटा मिटत आल्या आणि पंपाचा दाब वाढला की ही स्प्रिंगची झडप उघडते आणि पाण्याला आडवाटेने परत पाठवते, म्हणजे पंपावर ताण येत नाही. त्यात ओसरी आणि न्हाणीघर ह्यांना टोप्याच नव्हत्या, ते वेढे कायम मोकळे. मावशीची वाट तिच्या कडीनेच आवळलेली असल्यामुळे उरलेले पाणी ह्या दोन ठिकाणी आणि आडवाटेने निघून जात होते.

आता कडी पूर्ण उघडली की काम झाले, असे आम्हाला वाटले. उघडली. तांबडी चकती अर्ध्यावरून सव्वापर्यंत आली आणि थांबली. दोन पाहिजेत, सव्वा मिळाले. आमचा मावसभाऊ म्हणाला, पंपाचा वेग वाढवू. गृहस्थांनी मान हलवली. मावशीच्या कडीला त्यांनी पुन्हा हात लावला नाही. ते ओसरीच्या कडीकडे वळले आणि ती आवळू लागले. ओसरीचा आकडा दोनावरून पाऊणावर उतरला. इकडे मावशीची चकती, कोणी स्पर्श न करता, सव्वावरून दीडाकडे सरकली. मग न्हाणीघर पाऊणच्या जरा वर ठेवले. दिवाणखान्याचे दोन वेढे दीड-दीडवर, स्वयंपाकघर सव्वावर. प्रत्येक कडी आवळली की बाकीच्यांचे आकडे थोडे वर सरकत, म्हणून पहिल्यापासून पुन्हा फिरावे लागे. तीन फेऱ्यांनंतर मावशीच्या नळकांडीत दोन. आम्ही तेथे उकिडवे बसून हे पाहत होतो आणि खोटे कशाला सांगावे, अंगावर काटा आला. दूरच्याला मिळावे म्हणून दूरच्या वाटेवर काही करावे लागले नाही. जवळच्यांना आवरावे लागले.

मिश्रणाची झडप त्यांनी परत ४० अंशांवर आणली. म्हणजे पाणी आधीपेक्षा थंड, आणि खोली मात्र तापायची. वहिनींचा ह्यावर विश्वास बसेना. त्यांना दोष देता येत नाही.

गृहस्थांनी एक सक्त ताकीद दिली, की आता चोवीस तास कोणी कशाला हात लावायचा नाही. सहा-सात सेंटिमीटरांचा कोबा तापायला तासन्‌तास लागतात आणि निवायलाही. अर्ध्या तासात फरक दिसेना म्हणून जो कडी पुन्हा फिरवतो तो सगळा हिशेब घालवतो. रेडिएटर काय, तो फोडणीच्या कढईसारखा लगेच तापतो; जमीन चुलीवरच्या जाड मडक्यासारखी. तो दिवस आम्हाला फार लांब गेला. मावशी मात्र शांत होती. ताप उतरायला किती वेळ लागतो हे तिला ठाऊक असणारच.

त्या रिकाम्या दिवशी आम्ही ह्या विषयावर थोडे वाचन केले. जमीन तापवण्याची कल्पना फार जुनी. रोमन लोक स्नानगृहांची जमीन विटांच्या बुटक्या खांबांवर उचलून तिच्याखालून भट्टीची गरम हवा खेळवीत. कोरियात ओंदोल नावाची पद्धत शतकानुशतके चालत आली आहे; स्वयंपाकाच्या चुलीचा धूर आणि जाळ दगडी जमिनीखालच्या बोगद्यांतून नेऊन घराच्या दुसऱ्या टोकाला बाहेर सोडायचा. ही ओंदोल संस्कृती दक्षिण कोरियाने २०१८ साली राष्ट्रीय वारशात नोंदवली. त्या घरांत चुलीजवळची जमीन सर्वांत उबदार असते, तिला आरेतमोक म्हणतात, आणि दूरचे टोक गारच राहते. तेथे झडपा नाहीत, मापक नाहीत. जाळ काही वाटून देता येत नाही. म्हणून त्या लोकांनी वाटणी माणसांची केली. उबदार जागा वडीलधाऱ्यांची आणि पाहुण्यांची, थंड टोक तरुणांचे. हे वाचून आम्ही मावशीला सांगितले तेव्हा ती म्हणाली, “कोरियाला जायला हवं होतं मी.”

अमेरिकेत फ्रँक लॉइड राइट ह्या वास्तुशिल्पज्ञाने १९३७ साली मॅडिसन येथील जेकब्स घराच्या जमिनीखाली नळ्या घातल्या, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर न्यूयॉर्कजवळच्या लेव्हिटाउनमध्ये हजारो स्वस्त घरांत काँक्रिटमध्ये तांब्याच्या नळ्या पुरल्या. तांबे पुढे काँक्रिटमध्ये गळू लागले आणि पुष्कळांचा ह्या पद्धतीवरचा विश्वास उडाला. तो परत आणला तो प्लॅस्टिकच्या नळीने, जिची युक्ती जर्मनीतील थॉमस एंगेल ह्यांनी १९६८ च्या सुमारास काढली. इंग्लंडात २०२२ च्या जून महिन्यापासून नव्याने बसवलेल्या पाण्याच्या तापन-योजना ५५ अंशांपेक्षा जास्त गरम पाण्यावर अवलंबून नसाव्यात असा नियम आहे. कमी तापलेल्या पाण्यावर काम भागवण्यात जमिनीचा हात कोणी धरणार नाही, म्हणून आपल्या तिकडच्या नातेवाइकांच्या घरी ह्या वाटणीच्या नळ्या यापुढे जास्तच दिसतील.

तेव्हा वाचकांपैकी कोणाच्या मुलाने किंवा बहिणीने फोनवर सांगितले, की एक खोली तापत नाही आणि कारागीर मोठा बॉयलर घ्या म्हणतो, तर त्यांना एवढे जरूर विचारा: पहाटेच्या वेळी परतीच्या नळ्यांना हात लावलास का? त्या नळकांड्यांतले आकडे काय आहेत? सगळे आकडे सारखे असतील किंवा सगळ्या कड्या सताड उघड्या असतील, तर कोणी हिशेब केलेलाच नाही असे समजावे, कारण लहानमोठ्या खोल्यांना सारखे पाणी हे काही न्याय्य नव्हे. काही फिरवण्यापूर्वी होते ते आकडे कागदावर लिहून ठेवावेत. विजेच्या जोडणीत मात्र हात घालू नये, आणि मिश्रणाच्या झडपेला तर मुळीच लावू नये. ते काम जाणत्या कारागिराचे. मोठ्या बॉयलरची गरज कधीच नसते असेही आमचे म्हणणे नाही. पण तो शेवटचा प्रश्न असावा, पहिला नव्हे.

काम बिघडवून गेलेल्या त्या मंडळींना मावसभावाने पत्र लिहिले. उत्तर आलेले आम्ही असेपर्यंत तरी पाहिले नाही. दरपत्रकाच्या पाठीमागे मावशीने सहा वेढ्यांचे नवे आकडे सुवाच्य अक्षरांत लिहिले आणि तो कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. खाली तारीख घातली, आणि त्याखाली मराठीत एकच ओळ, जी त्या घरात तिच्याशिवाय आणि आमच्याशिवाय कोणाला वाचता येत नाही: विचारल्याशिवाय फिरवू नये.

तिसऱ्या दिवशी सकाळी सातला आम्ही तिच्या खोलीत चहा घेऊन गेलो. तांबडी रेघ १९ वर होती. मावशी खाटेच्या कडेला बसली होती, तिचे लोकरीचे मोजे खुर्चीवर होते, आणि ती पायाची बोटे फरशीवर पसरून, पुन्हा मिटून पाहत होती.

“आज निळी शाई कुठे ठेवली, सापडत नाही,” ती म्हणाली, “स्वयंपाकघरात किती आहेत ते तू जरा बघून ये.”

आम्ही पाहून आलो. स्वयंपाकघरातही १९ च होते.